जगन्नाथपंतांचं बालपण

१

रविवारी सकाळी इंडियाला फोन, हा आमच्या घरचा कुळाचार. देवपूजा चुकली तर चालेल, हा चुकायचा नाही. शेखर, म्हणजे माझा नवरा, आंघोळ करून, केस विंचरून फोनपाशी बसायचा, जसं काही नंदूकाकांना तो दिसणारच होता. नंदूकाका म्हणजे त्याच्या वडिलांचे चुलतभाऊ. राहायला कराडला, आणि त्यांच्याकडे फोन नव्हता, शेजाऱ्यांकडे होता. मग शेजारीण 'थांबा हं' म्हणून त्यांना बोलवायला जायची आणि तोवर आम्ही इकडे वेस्ट विंडसरला, न्यू जर्सीत, तिच्या घरातला कुकर ऐकत बसायचो.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. त्या वर्षी आमच्या मराठी मंडळात पूर्वजांची साथ आली होती. राजीवचे खापरपणजोबा पेशव्यांच्या पागेत निघाले. कांचनच्या घराण्यात किल्लेदार सापडला. पॉटलकच्या जेवणाला जावं तर जो तो सरदार! बिचाऱ्या शेखरकडे काय, तर लहानपणी घरात कुजबुजलं जाणारं एक वाक्य: 'आपल्यातला एक जण काळ्या पाण्यावर गेला होता.' पुढे विचारलं की मोठी माणसं म्हणायची, आधी ताटातलं संपव.

पण शेखर केमिस्ट. एकदा डोक्यात घेतलं की सोडायचा नाही. त्यानं कुठल्याशा वंशावळवाल्यांच्या मासिकात जाहिरात दिली, आणि एका संध्याकाळी चक्क ऑस्ट्रेलियाहून, होबार्टहून, एका बाईंचा फोन आला. त्यांचा कुणी पूर्वज कैदी म्हणून मॉरिशसमार्गे तिथं पोचला होता. नाव जगन्नाथ, गाव कराड. बोटीतून उतरल्यापासून थडग्यापर्यंत सगळं बाईंना तोंडपाठ.

"पण बोटीच्या आधीचं काहीच नाही," त्या म्हणाल्या. "लहानपण नाही, आईवडील नाहीत, गुन्हा काय तेही नाही. तुम्ही शोधाल का? आणि मरेपर्यंत ते सगळ्यांना एकच सांगायचे म्हणे, की माझ्या घरात एक माणूस राहतोय. त्याचा काय अर्थ असेल?"

शेखरनं फोन ठेवला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. "अर्थ काय, सुहास! इंग्रज! माझ्या घरात परका राहतोय! अगं, क्रांतिकारक निघाले आमचे जगन्नाथपंत!" त्याच्या वंशावळीत खापरपणजोबांच्या जागी जगन्नाथपंतच होते, तेव्हा जुळलंच म्हणायचं. दिवाळीच्या कार्यक्रमात त्यानं भाषणही बुक करून टाकलं. आता फक्त पंतांचं बालपण शोधायचं राहिलं होतं.

२

सर्वपित्रीला त्यानं पंतांसाठी वेगळं ताट वाढायचं ठरवलं. ठरवायला याचं काय जातं? खीर मी केली, वडे मी तळले, ऑफिसातून हाफ डे मी घेतला. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. स्लाइडवर दिसेल तेवढंच आहे असं मानायची मला सवय, आणि पितरं काही मला कधी स्लाइडवर दिसलेली नाहीत.

दुपारी घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर ताट ठेवलं. न्यू जर्सीचे कावळे आपल्यासारखे नाहीत. त्यांना पिझ्झा कळतो, वडा कळत नाही. एक खार आली, तिनं ताटाकडे पाहिलं आणि ती आल्या पावली परत गेली. मला तेव्हा तिचा रागच आला.

शेखरनं मात्र हात जोडले आणि अगदी मनापासून हाक मारली. "जगन्नाथपंत, या. संकोच करू नका. घर आपलंच आहे." हे आपण दाराशी आलेल्या विमा एजंटलाही म्हणतो, त्यात काही विशेष नाही. मला हसू आलं आणि मी आत गेले.

तासाभरानं ताट आणायला गेले तर ते रिकामं होतं. नुसतं रिकामं नव्हे, स्वच्छ घासून, पुसून, कठड्यावर पालथं घातलेलं. वाटीसुद्धा. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं चहाचा कप कधी सिंकपर्यंत नेला नव्हता.

"ताट घासलंस? वा!" मी बेसमेंटच्या जिन्यावरून ओरडले. शेखरची अभ्यासाची खोली खाली होती.

"कुठलं ताट?" खालून उत्तर आलं.

आता हा लाजतोय, मी मनाशी म्हटलं. पुरुषांना चांगलं काम करताना पकडलं की असंच होतं.

३

पुढच्या रविवारी नंदूकाका फोनवर आले ते धापा टाकतच. शेखरनं एका दमात सगळं सांगितलं: होबार्ट, कैदी, क्रांती, भाषण. मी स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनवरून ऐकत होते, कारण शेखर नंतर सांगतो तेव्हा निम्मं विसरलेला असतो.

"जगन्नाथपंत ऑस्ट्रेलियात वारले?" नंदूकाका म्हणाले. "काहीतरीच काय, चंद्रशेखर! अरे, पंत इथंच गेले, याच घरात. चांगले म्हातारे होऊन, नातवंडं-पतवंडं बघून."

"मग होबार्टला कोण वारलं?"

पलीकडे शेजारणीचा कुकर वाजला. नंदूकाकांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "ते फोनवर सांगण्यासारखं नाही रे. आणि सारखं सारखं किती फोन करशील? परवा तर तासभर बोललास."

"परवा? मी नाही केला काका."

"असं कसं? तूच होतास. तुझं लहानपण विचारत होतास ना? आई तुला काय म्हणून हाक मारायची, कुठल्या झाडावरून पडलास, कुठल्या मास्तरांनी उठाबशा काढायला लावल्या. मी म्हटलं, पोराला घरची आठवण येतेय. चांगला वाटला तुझा आवाज. शांत."

शेखरनं फोन ठेवला आणि कपाळावर बोट फिरवलं. म्हातारपण, दुसरं काय. मलाही पटलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसानं गेल्या वर्षीचा फोन परवाचा म्हणून सांगितला तर त्यात नवल नाही. फक्त गेल्या वर्षी शेखरनं असलं काही विचारलेलं मला आठवत नव्हतं, आणि मला सगळं आठवतं.

४

मग शेखर सुधारायला लागला.

आधी टॉवेल दांडीवर गेला. मग एका संध्याकाळी मी घरी आले तर कुकर लावलेला, कोशिंबीर चिरलेली, आणि हा सिंकपाशी उभा. "तू बस, दमलीस," म्हणाला. मी बसले. का बसू नये? जेवताना त्यानं आमच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाची आठवण काढली. मी कुठली साडी नेसले होते, पोह्यांत मीठ किती जास्त झालं होतं, मला लाज वाटून मी वाटी कशी लपवली, सगळं. मी इतकी विरघळले की खरकटे हात वाळले तरी उठले नाही. नंतर अंथरुणात पडल्यावर आठवलं, की वाटी मी लपवली ती आतल्या खोलीत. तिथं फक्त शोभामावशी होती.

दुसऱ्या दिवशी मावशीचाच पुण्याहून फोन. "सुहास, अगं जावईबापूंनी परवा फोन केला! कित्ती गोड बोलले! तुझ्या माझ्या सगळ्या गोष्टी विचारल्या. मला मेलीला वाटायचं, ते मला घाबरतात."

घाबरतोच. मावशी आली की शेखर गाडी धुवायला जातो.

मी त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मावशी एकट्या असतात, म्हटलं विचारपूस करावी." इतकं साधं उत्तर. आणि त्याच आठवड्यात मधूनच जुना शेखरही भेटायचा. सकाळी मोजे सापडत नाहीत म्हणून आदळआपट, गाडीच्या किल्ल्या माझ्याच पर्समध्ये आहेत म्हणून आरोप. असं वाटायचं, एकाच माणसाच्या दोन पाळ्या चालल्यात. मी स्वतःची समजूत घातली: चाळिशी, ब्लडप्रेशर, दिवाळीच्या भाषणाचं टेन्शन.

आमची विनीता सोळा वर्षांची. ती दूध-सिरियलचा बाऊल घेऊन माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॉम, डॅड इज बीइंग रिअली नाइस. आस्क्ड मी अबाउट माय डे. अँड देन, लाइक, लिसन्ड."

"मग चांगलंच आहे की."

"नो," ती म्हणाली. "इट्स क्रीपी."

५

शेवटी मीच नंदूकाकांना फोन लावला. शेखर विनीताला परीक्षेच्या क्लासला सोडायला गेला होता. कुठला शेखर, ते विचारू नका. गाडी नीट रिव्हर्स झाली एवढं मी पाहिलं.

"काका, मी सून आहे," मी म्हटलं. "मला सांगा. फोनवर सांगण्यासारखं नसलं तरी सांगा."

ते हसले, मग खोकले, मग शेजारणीला जरा बाहेर जायला सांगितलं. तिच्याच घरातून!

जगन्नाथपंत तरुणपणी चाकरीसाठी परमुलखात गेले आणि काही वर्षं फिरकलेच नाहीत. मग आले. बायकोशी चांगले वागायला लागले, विहिरीचं पाणी भरून द्यायला लागले. वर्षभरानं आणखी एक जगन्नाथपंत आले. दाढी वाढलेले, संतापलेले. घरात शिरून भांडी आपटायला लागले, की माझ्या घरात हा कोण राहतोय?

"तोतया?" मी म्हटलं.

"तोतयाच. पण कुठला? कंपनी सरकारच्या साहेबापुढे दोघांना उभं केलं. साहेबानं दोघांना बालपण विचारलं. पहिल्यानं घडाघडा सांगितलं. कोणत्या विहिरीत पडलो, कुणी काढलं, आत्यानं कसा चिमटा काढला. गावोगाव हिंडून, म्हाताऱ्या-कोताऱ्यांशी गोड बोलून सगळं गोळा केलेलं. दुसरा म्हणाला, मला काय आठवतंय साहेब, लहान होतो. आता तूच सांग, खऱ्या माणसाला स्वतःचं बालपण एवढं कुठं पाठ असतं? पाठ केलेलं तोतयाला असतं."

"मग?"

"मग साहेबानं बायकोला विचारलं. तुझा नवरा कोण ते बोटानं दाखव. तिनं दाखवला. दुसऱ्याला बोटीवर चढवला. ओरडत गेला म्हणतात."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "तिनं बरोबर दाखवला ना काका?"

"मरताना सुनेला म्हणाली, 'मला ठाऊक होतं.' एवढंच." नंदूकाका पुन्हा खोकले. "अगं, पाणी भरून देत होता तो. त्या काळी बायकांना कोण पाणी भरून देतं? आम्ही सगळे त्याचेच. चंद्रशेखरसुद्धा. म्हणून म्हटलं, भाषण नको."

मी खो खो हसले. खरंच हसले. खऱ्या जगन्नाथानं स्वतःचाच तोतया असल्याबद्दल काळं पाणी भोगलं, आणि आमचे हे त्याला क्रांतिकारक म्हणून व्यासपीठावर चढवणार! फोन ठेवल्यावरही हसत होते. मग मला डेकवरचं ते आमंत्रण आठवलं. शेखरनं नाव घेऊन बोलावलं होतं. जगन्नाथपंत, या. आणि एका नावाला दोघे हक्कदार असतील तर ओ कोण देणार? ज्याला दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायची सवय आहे तोच.

स्लाइडवर दिसेल तेवढंच खरं, असं मी मोठ्यानं म्हटलं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं, तरी माझा आवाज मला आवडला नाही.

६

शनिवारी दुपारी मी कपडे ड्रायरमधून काढत होते. लाँड्रीच्या खिडकीतून मागचं अंगण दिसतं. शेखर पाठमोरा उभा राहून रेकनं पानं ओढत होता. चॉकलेटी जॅकेट, कानटोपी. सावकाश, एकेक रांग, ढीगसुद्धा सारखे. मी बघत राहिले. छान वाटत होतं, कबूल करते.

आणि खालून, बेसमेंटमधून, शेखर ओरडला. "सुहाऽस! माझा स्टेपलर कुणी घेतला? या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ!"

माझ्या हातात त्याचाच शर्ट होता, गरम. मी खिडकीकडे पाहिलं. अंगणातल्या माणसानं रेक थांबवला होता. तोही ऐकत होता. मग तो वळला.

चेहरा शेखरचाच. पण मी बघतेय हे त्याच्या लक्षात येईपर्यंत त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. राग नाही, दमणूक नाही, कुणीच नाही. मग त्याला मी दिसले आणि ओळख आली, एखाद्या खोलीत दिवा लावावा तशी. तो हसला. हात हलवला. आणि घराकडे यायला निघाला, बेसमेंटच्या बाहेरच्या दाराकडे.

"शेखर!" मी जिन्याकडे धावले. "शेखर, वर ये! आधी वर ये!"

"येतोय ना! स्टेपलर तर सापडू दे!"

दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. झटापट नाही, बोलणं नाही. मी खाली पोचले तेव्हा दिवा चालू होता, खुर्ची मागे सरकलेली होती, टेबलावर अर्धा चहा होता, आणि तो अजून कोमट होता. दारात शेखर पायपुसण्यावर बूट पुसत उभा होता. आधी डावा, मग उजवा. नीट.

"हाक मारलीस?" त्यानं विचारलं. "मी बाहेर होतो."

७

त्या दिवसापासून मोजे हरवले नाहीत. दिवाळीचं भाषण त्यानं कॅन्सल केलं. "पूर्वजांना उकरून काय मिळतं? आहे ते घर सांभाळावं," म्हणाला. होबार्टच्या बाईंना त्यानंच नम्रपणे कळवलं की काही सापडलं नाही.

मी खूप प्रयत्न करून पाहिले. भात करपवला. त्याचा पेपर फेकून दिला. गाडीला पोचा पाडला आणि सांगितलं की पाडला. "तुला लागलं नाही ना?" म्हणाला. माझ्या आईवरून जुनं भांडण उकरलं, तर आईचं कसं बरोबर होतं ते त्यानं मलाच पटवून दिलं. मला भांडायला माणूस उरला नव्हता. रात्री त्याच्या शेजारी पडून मी रडायचे, आणि तो न विचारता पाण्याचा ग्लास आणून ठेवायचा. मैत्रिणींना सांगून पाहिलं. सुनेत्रा म्हणाली, "यार, आमच्याकडे पाठव." कुणाला काय सांगणार, की माझा नवरा चांगला वागतो म्हणून तो माझा नवरा नाही? मला माझा हवा होता. विसराळू, आदळआपट्या, शोभामावशीला घाबरणारा. तो कुठे आहे आणि त्याला कुणी जेवायला घातलं का, एवढंच डोक्यात असायचं.

नोव्हेंबरातला रविवार होता. दुपारची जेवणं उशिरा झाली. विनीता लायब्ररीत गेली होती. तो सिंकपाशी भांडी घासत होता आणि मी ओटा पुसत होते, तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

ऑपरेटर होती. ऑस्ट्रेलियातून, टास्मानियातल्या होबार्टहून कलेक्ट कॉल आहे, बिल तुमच्याकडे लागेल, म्हणाली. नाव सांगा, असं तिनं पलीकडे विचारलं, आणि खूप लांबून, खरखरीतून कुणी तरी म्हणालं, "शेखर."

माझ्या मागे नळ वाहत होता.

"विल यू अ‍ॅक्सेप्ट द कॉल, मॅडम?"

मला पंतांची बायको आठवली, कराडची. तिलाही असंच विचारलं असणार, भर दुपारी, सगळ्यांसमोर. तिच्याही मागे असाच एक जण उभा असणार, पाणी भरून देणारा. खोटं कशाला बोलू, तिचा मला राग आला नाही.

"येस," मी म्हटलं.

"हॅलो? सुहास? किती वेळ लावतेस! अगं इथं एवढा वारा आहे, आणि ही बाई मला सारखी विचारतेय तुम्ही कोण, आणि मी सांगतोय तर—"

"थांब," मी म्हटलं. "आपल्या लग्नाची तारीख सांग."

"हे काय आत्ता विचारायचं असतं? मे... नाही, थांब. एप्रिल? फार उकडत होतं एवढं आठवतंय. का गं?"

हाच. देवा, हाच तो मेला.

मागे नळ बंद झाला. शेवटचं ताट रॅकमध्ये ठेवल्याचा आवाज आला, मग नॅपकिनला हात पुसल्याचा. मग शेखरच्याच आवाजात, पण शेखर कधी बोलला नाही इतक्या मायेनं, तो म्हणाला, "कुणाचा फोन आहे, सुहास?"

"माझ्या नवऱ्याचा," मी म्हटलं, आणि वळले.